पाठीचा पट्टा

माझी पाठ कधीच दुखत नव्हती. हे वाक्य मी तीन वर्षं कुणापाशी बोलले नाही. आता लिहायला बसले तर सगळ्यात आधी तेच आलं, तेव्हा तेच पहिलं राहू देते.

सासूबाई आमच्या टेक्सासमधल्या शुगर लँडच्या घरात जिन्यावरून पडल्या. हातात धुतलेल्या कपड्यांची बास्केट होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला आणि एकोणिसाव्या दिवशी त्या गेल्या. वय पंचाहत्तर. लोकांना एवढंच माहीत आहे. माझा नवरा त्याला आणखी एक वाक्य जोडतो. "बास्केट वर न्यायचं काम माझं होतं. त्या दिवशी मी विसरलो." हे तो भेटायला आलेल्यांना सांगायचा, नंतर न विचारणाऱ्यांनाही सांगायला लागला. मुलगी कॉलेजमधून फोनवर म्हणायची, "डॅड, इट वॉज ॲन ॲक्सिडेंट. प्लीज स्टॉप." तो थांबायचा नाही. मी शेजारीच असायचे. मी चहा ओतायचे, साखर किती ते विचारायचे.

पाठीची गोष्ट कुठून आली ते सांगायचं तर आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून सांगायला हवं.

भर दुपारी किराण्याच्या दुकानाबाहेर मी गाडीत सामान भरत होते. ह्यूस्टनकडचा ऑगस्ट, डांबर पायाला चिकटेल असं ऊन, पार्किंगमध्ये चिटपाखरू नाही. एक माणूस जवळ आला, वेळ विचारली. मी सांगितली. तो गेला नाही. माझ्या आणि गाडीच्या दाराच्या मध्ये उभा राहिला, दारावर हात ठेवला आणि हसला. बोलला काहीच नाही. किती वेळ, ते आठवत नाही. पलीकडून कुणीतरी ढकलगाडी आणल्याचा आवाज आला, तसा तो हात काढून आपल्या पांढऱ्या पिकअप ट्रकमध्ये बसून निघून गेला.

झालं एवढंच. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काही केलं नाही ना त्यानं? मग झालं तर. पुढच्या वेळी आपण दोघं जाऊ." त्याचं चुकलं असं आजही म्हणवत नाही. पण आपण दोघं जाऊ म्हणजे शनिवार, आणि मी तर आठवड्याचे सातही दिवस एकटी गाडी चालवत होते. मागे पांढरा पिकअप ट्रक दिसला की मी लेन बदलून त्याला पुढे जाऊ द्यायचे. टेक्सासात पांढरे पिकअप ट्रक किती असतात ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

मुलगी शाळेत असताना, कुणी बंदूक घेऊन शिरलं तर म्हणून, मुलांना वर्गात दिवे घालवून, बाकांखाली लपायचा सराव करायला लावायचे. त्या दिवसांत नवरा एकदा जेवताना म्हणाला होता, "काही झालं तरी या घरात बंदूक येणार नाही." मी मान डोलावली होती. मनापासून डोलावली होती. त्यामुळे पिस्तूल घेतलं ते त्याला न सांगता घेतलं. नागरिकत्व होतं, ओळखपत्र होतं, कायद्याची काही आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती घरातच.

नेमबाजीच्या रेंजवर शिकवणारी बाई शाळेतून निवृत्त झालेली, गळ्यात चष्म्याची साखळी, आवाज आजीसारखा. नेम धरायला तिने दोन तासांत शिकवलं. उरलेला वेळ कपड्यांवर गेला. कारण शिकायला आलेल्या आम्ही पाचही जणी रोजच्या कपड्यांत आलो होतो, मी लेगिंग्ज आणि सैल टी-शर्टमध्ये. पिस्तूल अडकवायला चामड्याचा कमरपट्टा लागतो, आणि लेगिंग्जला पट्टा लावणार कुठे? पर्स नको, असं तिने बजावलं. पर्स आपण कुठेही ठेवतो, कुणाच्याही हातात देतो. मग तिने तो रुंद इलॅस्टिकचा पट्टा दाखवला. बाळंतपणानंतर पोटाला बांधतात तसाच, फक्त एका बाजूला खिसा. तो अंगाला लागून बांधायचा, खिशात कडक कवचात पिस्तूल, वरून टी-शर्ट. साधा एकरंगी शर्ट नको, त्यात उंचवटा उठून दिसतो. मोठ्या फुलांचा, नक्षीचा हवा. आरशासमोर हात वर करून बघायचं, बसून बघायचं, वाकून बघायचं.

"खालचं काही उचलायचं असेल तर कमरेतून वाकू नका," ती म्हणाली. "गुडघ्यांत बसा. कमरेतून वाकलात की शर्ट ताणला जातो आणि सगळं दिसतं."

आमच्यात मोठ्यांसमोर कमरेतूनच वाकतात हे तिला कुठून माहीत असणार? मलाही तेव्हा सुचलं नाही. मी घरी येऊन माझ्या चार कुर्त्यांच्या बाजूच्या चिरा चार-चार बोटं खाली शिवून घेतल्या, कारण वाऱ्याने चीर उडाली की कंबर उघडी पडायची. फुलाफुलांचे टी-शर्ट एक माप मोठे आणले. नवरा म्हणाला, "एकदम पडदे गुंडाळल्यासारखी का दिसायला लागलीस?" मी हसले. भीती मात्र खरोखर कमी झाली. हेही खरंच आहे, लपवत नाही. पट्टा बांधला की मी माणसांच्या डोळ्यांत बघून चालायचे.

सासूबाई डिसेंबरात आल्या, सहा महिन्यांसाठी. सासरे जाऊन वर्ष झालं होतं, नागपुरात त्यांचं मन लागत नव्हतं. नवरा त्यांना विमानतळावरून घेऊन आला. मी ऑफिसातून तेवढ्यात घरी पोचले होते, वर जाऊन पट्टा सोडायला वेळच मिळाला नाही. दारातच नवरा पाया पडला. मग माझी पाळी. मी ताठ कमरेने गुडघ्यांत बसले, हात पुढे करून त्यांच्या पायांना लावले आणि तशीच सरळ उठले.

सासूबाई पोट धरून हसल्या. "हे काय बापा, सर्कस? तुमच्या पुण्याला असाच करतात का नमस्कार?"

"पुण्याला सगळं शिस्तीत असतं, आई," नवरा म्हणाला.

"दिसून राहिलं ना. कवायतच करते पोरगी."

त्या अशाच होत्या. टोचून बोलायच्या आणि लगेच विसरायच्या. आल्या तिसऱ्या दिवसापासून घरातले कपडे त्यांच्याकडे गेले. मशीन लावणं, घड्या घालणं, ज्याचे त्याच्या कपाटात ठेवणं. "मला दुसरं येतेच काय तुमच्या या घरात? टीव्हीचा रिमोट बी इंग्रजीत बोलते." आमचं मशीन तळमजल्यावर, झोपायच्या खोल्या वर. माझ्या कुर्तीची शिवलेली चीर बघून म्हणाल्या, "दर्ज्यानं शिवली का आंधळ्यानं?"

दुसऱ्या आठवड्यात मी पट्टा हाताने धुऊन न्हाणीघरात आडव्या दांडीवर वाळत टाकला होता. कवच आणि पिस्तूल कपाटातल्या आकड्यांच्या कुलपाच्या डबीत. मी वर आले तर सासूबाई तो पट्टा दोन्ही हातांनी ताणून बघत होत्या.

"हे काय गं?"

"पट्टा आहे, आई. पाठीचा."

"तुझी पाठ दुखते?"

"हो, बसून बसून."

"अन् हा खिसा?"

"त्यात शेकायची पिशवी ठेवतात. गरम."

इतकं सहज आलं. एक शब्द अडखळला नाही. त्यांचा चेहरा मात्र पार उतरला. पट्टा दांडीवर नीट पसरून ठेवत म्हणाल्या, "काहून नाही सांगितलं तू? मी मेली सर्कस म्हणाली तुला."

त्या दिवसापासून त्यांनी माझी पाठ सांभाळायला घेतली. डिंकाचे लाडू झाले. लसूण-ओवा घालून तेल कढवलं, घरभर वास. "ये, चोळून देते," असं रोज रात्री म्हणायच्या आणि मी रोज काहीतरी कारण काढायचे, कारण अंगाला हात लागू द्यायची सवयच मोडली होती. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा फाडून त्यांनी ओव्याची एक छोटी पिशवी शिवली, त्या खिशाच्या मापाची. तव्यावर गरम करून आणून द्यायच्या. मी "थँक्यू आई" म्हणून वर न्यायचे आणि उशीखाली ठेवायचे.

वाकायचं काम त्यांनी सगळं स्वतःकडे घेतलं. खालच्या कपाटातली भांडी, डिशवॉशर, केर. संक्रांतीला मी नमस्काराला पुढे झाले तर त्यांनी माझा दंड धरून मला अर्ध्यावर थांबवलं. "राहू दे. मनातून केला तो पोचला मला." नवऱ्यालाही त्यांनीच सांगितलं. तो काळजीत पडला, डॉक्टरकडे जाऊ म्हणाला. फिजिओथेरपी चालू आहे असं मी सांगितलं. तेव्हापासून जड बास्केट वर नेऊन ठेवणं हे त्याचं काम ठरलं. "आई, तू नाही उचलायची आणि हिनेही नाही. मी ऑफिसला जायच्या आधी नेईन."

एक गोष्ट लिहायला सगळ्यात जड जाते. मला ते आवडत होतं. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, आणि कुणी असं माझ्यामागे फिरून, ये बस, खा, उचलू नको, म्हटलं नव्हतं. खोटं मोडायला रोज एक संधी यायची. रोज मी ती जाऊ द्यायचे.

मार्चमधला मंगळवार. नवऱ्याला त्याच्या प्लांटवरून पहाटे फोन आला, तो घाईत निघून गेला. बास्केट मशीनपाशीच राहिली, टॉवेल आणि चादरींनी भरलेली. मी खाली जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून मीटिंगमध्ये होते. मीटिंग संपली की औषधांच्या दुकानात जायचं म्हणून पट्टा बांधूनच बसले होते. खरं सांगायचं तर तोवर मी तो घरातही बांधायला लागले होते, जायचं असो वा नसो.

सासूबाई एकदा येऊन बघून गेल्या. खुणेने विचारलं, किती वेळ? मी दहा बोटं दाखवली. त्यांना वाटलं असणार, ही मीटिंग संपवून उठेल आणि ते ओझं उचलेल. त्याआधी आपणच नेऊन टाकू.

आवाज मोठा नव्हता. टॉवेलांमुळे असेल. मी कानातलं काढून फेकलं आणि धावले. जिन्याच्या पायथ्याशी त्या कुशीवर पडल्या होत्या, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. डोळे उघडे. मी त्यांच्याजवळ पोचले आणि वाकणार, तोच त्या म्हणाल्या,

"तू वाकू नको पोरी. पाठीत उसण भरते."

मी वाकले नाही.

त्यांनी सांगितलं म्हणून नाही. त्या क्षणी माझ्या डोक्यात त्यांचा पाय नव्हता. आता ॲम्ब्युलन्स येणार, माणसं घरात शिरणार, नवरा येणार, मला जवळ घेणार, असं सगळं भराभर आलं, आणि माझा हात उजव्या कमरेवर गेला. ते अंगावर असणं बेकायदा नव्हतं. ॲम्ब्युलन्सवाल्यांना त्याचं काही पडलं नसतं. मी फक्त नवऱ्याला घाबरले होते. "आलेच, आई," असं म्हणून मी त्यांच्या अंगावरून, पसरलेल्या टॉवेलांवरून पाय टाकून जिना चढले. कपाट उघडलं. डबीचे आकडे दोनदा चुकले. पिस्तूल आत, कवच आत, पट्टा कपड्यांच्या मागे. खालून हाक आली.

"पोरी, कुठं गेली तू?"

थोड्या वेळाने पुन्हा. त्यात राग नव्हता. घरात आपण हरवलेला चष्मा शोधतो तशी हाक होती.

मग मी खाली आले आणि ९११ ला फोन केला.

त्या मिनिटांनी काही फरक पडला असता का, हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलं नाही. हाड मोडायचं ते आधीच मोडलं होतं. बहुतेक नसताच पडला. पण मी विचारलं नाही, कारण विचारायचं तर आधी त्या मिनिटांबद्दल सांगावं लागलं असतं.

हॉस्पिटलमध्ये त्यांचं बोलणं नर्सला इंग्रजीत सांगायचं काम माझं. एका दुपारी त्या ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणाल्या, "तिला सांग ना, माझ्या सुनेला पाठीची खुर्ची दे म्हणा. स्टुलावर बसून राहिली सकाळपासून. दुखणं आहे तिचं."

नर्सने माझ्याकडे बघितलं. "व्हॉट इज शी सेइंग?"

मी म्हणाले, त्यांना पाणी हवंय.

नर्सने पाणी आणलं. सासूबाईंनी पेला हातात धरला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. खुर्ची काही आली नाही. त्यांना वाटलं असेल, या देशात खुर्चीसुद्धा मागून मिळत नाही.

त्यानंतर तीन वर्षं. नवऱ्याने प्लंबर बोलावून भिंती फोडून मशीन वरच्या मजल्यावर नेलं. रिकामी बास्केटसुद्धा तो खाली राहू देत नाही. माझं पट्टा बांधणं चालूच होतं आणि माझी पाठही त्याच्या लेखी दुखतच होती. एकदा मला ताप होता तेव्हा त्याने स्वतः तो पट्टा धुतला, पिळून वाळत घातला.

गेल्या महिन्यात नागपूरहून नणंदेचा फोन आला. सासूबाईंच्या श्राद्धाला तो येणार का, म्हणून. फोन स्पीकरवर होता. बोलता बोलता ती म्हणाली, "तुमच्याकडं सगळ्याला मशीन आहे म्हणतोस. मग ओझं वाहायला माझीच आई लागली होती का?"

तो म्हणाला, "ताई, माझंच चुकलं."

"चुकलंच. जन्मभर चुकलं तुझं."

"हो," तो म्हणाला. वाद नाही, काही नाही. मान खाली घालून शाळेत मुलगा उभा राहावा तसा. मी समोर वाटाणे सोलत होते. पन्नाशीतला माणूस, माझ्या वाट्याचं ऐकून घेत होता आणि हो म्हणत होता.

फोन ठेवल्यावर मी त्याला सांगितलं. ओळीने सांगितलं, पार्किंगपासून. त्याने मध्ये तोडलं नाही. पिस्तुलापर्यंत आले तेव्हा तो म्हणाला, "कुठे आहे?" मी वर जाऊन रिकामं करून आणलं, टेबलावर ठेवलं. शेजारी पट्टा. पिस्तुलाकडे त्याने बघितलंही नाही. पट्टा उचलला.

"हा?"

"हो."

"मी धुतलाय हा."

"हो."

"पाठ?"

"कधीच नव्हती दुखत."

तो इलॅस्टिक बोटांत ताणून सोडत राहिला. मग मी जिन्याचं सांगितलं. वर गेले ते. हाका आल्या त्या.

"किती वेळ गेलीस?"

"माहीत नाही."

"अंदाजे सांग."

"चार मिनिटं. पाच असतील."

"काय म्हणत होती ती?"

मी सांगितलं. त्याने ते वाक्य हळूच, आईच्याच उच्चारात म्हणून बघितलं आणि तोंडावर हात दाबला. मी त्याच्या खांद्याला हात लावायला गेले तर म्हणाला, "नको." ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाला, "तीन वर्षं. तू तिथेच बसलेली असायचीस. मी प्रत्येकाला सांगायचो, आणि तू चहा ओतायचीस."

मी वाटाण्यांची सालं गोळा करायला लागले.

"ताईला तू सांगायचंस," तो म्हणाला. "मी नाही. तू."

नागपुरात उजाडेपर्यंत आम्ही दोघं टेबलापाशीच बसून राहिलो. जेवलो नाही. फोन मी लावला, स्पीकर त्याने चालू केला. मी नणंदेला तेच सगळं परत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. तिच्या स्वयंपाकघरात भांडं घासल्याचा आवाज येत होता, माझं संपल्यावर तो थांबला.

मग तिने एवढंच विचारलं, "वर जायच्या आधी तिचा हात तरी धरला होता का?"

"नाही," मी म्हणाले.

तिने फोन ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. आम्हीही ठेवला नाही. मी वाट बघत होते, तिने शिव्या द्याव्यात म्हणून. शेवटी नवऱ्यानेच हात पुढे करून फोन बंद केला.

श्राद्धाचं तिकीट त्याने एकट्याचंच काढलंय. मी येते म्हणाले तर म्हणाला, "काय सांगून नेऊ तुला तिथे?" परवा तो निघेल. तोवर एकाच घरात आहोत, जेवायला एका टेबलावर बसतो. काल भेटायला आलेल्या एका काकूंनी नेहमीप्रमाणे सासूबाईंचा विषय काढला. नवऱ्याने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. त्याचं ते वाक्य तो बोललाच नाही. काकू माझ्याकडे बघू लागल्या. मी चहाची किटली खाली ठेवली आणि म्हणाले, "त्या माझ्यामुळे पडल्या, काकू. बसा, सांगते."